‘मेटल मशीन म्युझिक’ची न संपणारी चौथी बाजू: माझा अनुभव

अमेरिकी रॉक संगीतकार लू रीड यांचा १९७५ सालचा हा जोड-अल्बम (दोन तबकड्या, चार बाजू) म्हणजे गिटारच्या फीडबॅकचा, स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारमध्ये शिरून उठणाऱ्या गुंजेचा, सलग गदारोळ असला, तरी त्याचा शेवट फार विचारपूर्वक योजलेला आहे: चौथ्या बाजूची अखेरची खाच स्वतःलाच येऊन मिळते, त्यामुळे सुई उचलेपर्यंत आवाज थांबतच नाही. माझ्याकडच्या डिजिटल प्रतीत मात्र तो चक्क थांबत असे, आणि ते मला मनापासून खटकत होते.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. ४४,१०० हर्ट्‌झच्या ध्वनिमुद्रणात (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने) हे ७९,३८० नमुने होतात. मूळ तबकडीवरून चौथी बाजू मुद्रित करून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचा एक फेरा कापला. टर्नटेबलचा वेग क्वचितच तंतोतंत असतो, म्हणून केवळ हिशेबावर न विसंबता दर फेऱ्याला उमटणारा तोच बारीक ‘टक्’ तरंगाकृतीत शोधला आणि दोन टोकांमधले अंतर त्यावरून ठरवले.

एमपीथ्रीमध्ये फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता भरली जाते व सांधा ऐकू येतो, त्यामुळे तुकडा वेव्ह (WAV) या फाइल-स्वरूपातच ठेवून प्लेअरला तोच पुन्हापुन्हा वाजवायला लावला. आता चौथी बाजू मी थांबवेन तेव्हाच थांबते.