अवतरंग आणि अनुतरंग: चित्र पाहून फसू नका, कणाकडे बघा

उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षं दिसते. दोन्ही व्याख्या अचूक लिहिलेल्या असतात, आणि पुढच्याच प्रश्नात ध्वनीमुळे हवेचे कण ‘वरखाली’ हलवलेले असतात. व्याख्या पाठ असते, पण डोळ्यांसमोर पुस्तकातली आकृती असते आणि घोळ तिथेच होतो.

नावांची अदलाबदल टाळणं सोपं आहे. ‘अनु’ म्हणजे अनुसरून. अनुतरंगात माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेला धरून, त्याच रेषेत पुढेमागे हलतात. अवतरंगात ते त्या दिशेशी काटकोनात हलतात. इथे वर-खाली, उभं-आडवं हे शब्द मनातून काढूनच टाका. जमिनीवर ताणलेली दोरी डावी-उजवीकडे झटकली तर कण जमिनीला समांतर हलतात, तरीही तो अवतरंगच. काटकोन मोजायचा तो तरंगाच्या दिशेशी. जमिनीचा इथे काही संबंध नाही.

नागमोडी आलेखाची चूक

सगळ्यात जास्त गुण जातात ते इथे. हवेतला ध्वनी अनुतरंग आहे, पण त्याचा आलेख नागमोडी काढतात, म्हणून तो अवतरंग वाटतो. पण त्या आलेखाच्या उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा तिथे दाब किंवा घनता असते. रेघ वर गेली म्हणजे तिथे हवा दाटली, कण वर उडाला असं नव्हे. अक्षावर कणाचं विस्थापन असलं तरी ते तरंगाच्याच रेषेतलं असतं, फक्त कागदावर उभं मांडलेलं. आणि हे विस्थापन असतं तरी किती? साध्या बोलण्याच्या आवाजात हवेचे थर मिलिमीटरच्या साधारण लाखाव्या भागाइतकेच सरकतात.

आता याच्याही पुढची चूक, जी हुशार मुलंही करतात: ‘संपीडनाच्या (कण दाटलेल्या भागाच्या) मध्यावर दाब सर्वाधिक, म्हणजे विस्थापनही सर्वाधिक.’ नेमकं उलटं आहे. संपीडन होतं कसं ते पाहा. मध्याच्या मागचे कण पुढे सरकलेले, मध्याच्या पुढचे कण मागे सरकलेले, म्हणून दोन्हींकडून मध्यावर दाटी. खुद्द मधला कण त्या क्षणी आपल्या मूळ जागीच असतो. मात्र तो थांबलेला नसतो, उलट त्याच क्षणी तो तरंगाच्या दिशेने सर्वाधिक वेगाने जात असतो. दाबाचा आणि विस्थापनाचा आलेख एकमेकांपासून पाव तरंगलांबीने सरकलेले दिसतात ते यामुळेच. हे एकदा स्वतः दहा ठिपके काढून, प्रत्येकाला बाण देऊन पाहा. मला स्वतःला हे ठिपके काढल्यावरच पटलं होतं.

गणितातली नेहमीची घसरण: लगतच्या संपीडन आणि विरलन (कण विरळ झालेला भाग) यांच्या मध्यांमधलं अंतर ही तरंगलांबी धरणं. ती निम्मीच असते. हे अंतर ४० सेंटिमीटर दिलं असेल तर तरंगलांबी ८० सेंटिमीटर, आणि हवेतला वेग ३४३ मीटर प्रति सेकंद धरला तर वारंवारिता सुमारे ४२९ हर्ट्झ. घाईत ४० घेतले की उत्तर थेट दुप्पट येतं.

स्लिंकीचा प्रयोग बिघडतो तेव्हा

हातात धरून लोंबती ठेवली की स्लिंकी (सैल वळशांची लांब स्प्रिंग) मध्ये झोल खाते आणि पुढेमागे ढकलूनही वळसे वरखाली डुलतात. दोन्ही तरंग एकत्र होतात, काहीच कळत नाही. ती गुळगुळीत फरशीवर ताणा. हाताने ढकलण्याऐवजी एका टोकाचे दहाबारा वळसे चिमटीत गोळा करून सोडून द्या, मग दाटीची पट्टी सरळ धावते. मधल्या एका वळशाला रंगीत दोरा बांधा आणि नजर फक्त दोऱ्यावर ठेवा. दाटी पलीकडे जाते, दोरा मात्र थोडा हलून जागेवर परत येतो. पुढे गेली ती ऊर्जा.

याच स्लिंकीवरून वेगाचा निष्कर्ष मात्र काढू नका. ती खूप ताणली की दोन्ही प्रकारचे तरंग जवळपास सारख्याच वेगाने जातात. हा तिचा स्वतःचा गुण आहे. पोलादात अनुतरंग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातात, अवतरंग सुमारे ३,२००. म्हणजे ‘ध्वनी कायम अनुतरंगच’ हेही वायू आणि द्रवांपुरतं खरं आहे. स्थायूत दोन्ही प्रकार चालतात.

पाण्यावरच्या लाटा अवतरंगाचं उदाहरण म्हणून सर्रास लिहितात. खोल पाण्यात पृष्ठभागाचे कण जवळपास वर्तुळात फिरतात, वरखालीही आणि पुढेमागेही. त्यामुळे शुद्ध उदाहरण हवं असेल तर ताणलेली तार द्या.

प्रकाश अवतरंग आहे, पण तिथे कण हलत नाहीत. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं दिशेशी काटकोनात बदलतात, म्हणून त्याला माध्यम लागत नाही. यावरून ‘अवतरंगांना माध्यम लागत नाही’ असा सरसकट नियम करू नका, तारेवरच्या तरंगाला तार लागतेच. प्रकाशाचं ध्रुवण (कंपन एकाच दिशेपुरतं ठेवणं) होतं, हवेतल्या ध्वनीचं होत नाही. काटकोनात कंपनाला अनेक दिशा असतात, त्यातली एक निवडता येते. रेषेतल्या कंपनाला निवडायला दुसरी दिशाच नसते.

शेवटची चूक कारणाची. ‘द्रवाच्या आतून यांत्रिक अवतरंग जात नाहीत’ एवढंच लिहून थांबू नका. एक थर बाजूला सरकला तर शेजारच्या थराला ओढून घेणारी, आकार टिकवणारी ताकद द्रवात नसते. दाबलं तर मात्र द्रव परत उसळतो, म्हणून अनुतरंग जातात. भूकंपाचे एस तरंग अवतरंग आहेत. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर ते अडतात, पी तरंग, म्हणजे अनुतरंग, मात्र वेग बदलून आत शिरतात. कारण तिथून खाली, सुमारे ५,१५० किलोमीटरपर्यंत, पृथ्वीचा बाह्य गाभा वितळलेला आहे.