सगळ्यांनी मिळून एक गोधडी करताय? मग या चुका टाळा

ऑनलाइन ओळख झालेल्या दहा-पंधरा जणींनी मिळून एक गोधडी करायची, म्हणजे प्रत्येकीने आपापल्या घरी एक-दोन ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले गोधडीचे चौकोन, शिवायचे, पोस्टाने एका ताईकडे पाठवायचे आणि तिने ते जोडायचे, हा प्रकार मला मनापासून आवडतो. ग्रुपमधल्या कुणाच्या बाळासाठी, कुणाच्या आईच्या पंच्याहत्तरीला, कधी एखाद्या आश्रमाला द्यायला. पण अशा गोधड्यांपैकी बऱ्याच मध्येच अडकतात आणि ब्लॉकचा गठ्ठा कुणाच्या तरी कपाटात तसाच पडून राहतो, आणि दर वेळी कारण बघायला गेलं तर शिवणारे कच्चे होते असं नसतंच, सुरुवातीला बोलून घ्यायच्या गोष्टी बोलल्याच गेल्या नाहीत हेच निघतं. म्हणून जिथे जिथे हमखास गडबड होते ते इथे लिहितेय, आणि गडबड झालीच तर काय करायचं तेही.

माप: सगळ्यात जास्त भांडणं इथेच

"ब्लॉक १२ इंचाचा करा." बस, ग्रुपवर एवढंच टाकलं की समजा घोळ झाला. १२ इंच म्हणजे हातातला सुटा ब्लॉक की गोधडीत जोडल्यानंतर दिसणारा? क्विल्टिंगमध्ये १२ इंची ब्लॉक म्हणजे जोडल्यावर १२, म्हणजे हातात असताना साडेबारा, कारण चारी बाजूंनी पाव-पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, जोडणीत जाणार. पण ज्यांनी पहिल्यांदाच केलाय त्या बरोब्बर १२ चा पाठवतात, आणि त्यांची काहीच चूक नसते, त्यांना जे सांगितलं तेच त्यांनी केलं. त्यामुळे लिहितानाच "हातात साडेबारा, जोडल्यावर बारा" असं दोन्ही लिहा.

दुसरी गोष्ट माया. ब्लाऊज, ड्रेस शिवणाऱ्यांच्या हाताला अर्धा इंच, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून कधी त्याहून जास्त माया सोडायची सवय असते. इथे पाव इंच म्हणजे पाव इंचच, साधारण सहा मिलिमीटरच्या किंचित वर. आता कुणाला वाटेल एखाद्या मिलिमीटरने काय होतंय, तर हिशोब करून बघा. माया एका मिलिमीटरने जास्त घेतली की प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूचे मिळून दोन मिलिमीटर गेले. एका ओळीत आठ तुकडे असतील तर मध्ये सात शिवणी, म्हणजे १४ मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त कमी! आणि दुसरीचा ब्लॉक चारच मोठ्या तुकड्यांचा, दोन-दोनच्या दोन ओळींचा असला तर ओळीत एकच शिवण, म्हणजे तिचे दोनच मिलिमीटर जातात. दोघींनी सारखीच माया घेतली तरी ब्लॉक वेगवेगळ्या मापाचे होतात ते असे.

मशीनच्या फूटची कड धरून शिवतेय म्हणजे पाव इंच आहेच, असं धरून चालू नका, प्रत्येक मशीनचा फूट वेगळा. त्यापेक्षा सगळ्यांना आधी एक छोटी परीक्षा करायला सांगा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, लांबीने एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा, ती बरोब्बर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. मधली एक इंचाहून कमी भरली तर माया जास्त जातेय. मग मशीनच्या पाट्यावर योग्य अंतरावर जाडसर टेप चिकटवा आणि कापडाची कड त्या टेपला टेकवत शिवा. शिवण उलटून इस्त्री केली की घडीतही धागा-दोन धागे जागा जाते, त्यामुळे पाव इंचाला एखादा धागा कमीच घेतलेला चांगला. त्या तीन पट्ट्यांचा मोजपट्टीसकट फोटो ग्रुपवर टाकायला सांगितला ना, की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

अजून एक, हा पटकन लक्षात येत नाही. पीडीएफमधले साचे प्रिंट करताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "फिट टू पेज" असलं की साचा गुपचूप लहान होतो. प्रिंट नेहमी शंभर टक्क्यांवर काढायची, आणि साच्याच्या कोपऱ्यात एक इंचाचा चौकोन काढून ठेवायचा, म्हणजे प्रिंट निघाल्यावर पट्टी लावून खात्री करता येते. आणि मोजायला जुनी प्लास्टिकची टेप नको, ती वापरून वापरून ताणलेली असते.

मापाचा नियम एकदा पक्का केला की बाकी कितीही मोकळीक देता येते, आणि याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं एड्स मेमोरियल क्विल्ट. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत लोकांनी आपापल्या घरी पॅनल शिवली आणि ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये ती पहिल्यांदा एकत्र मांडली तेव्हा १,९२० पॅनल होती. माप मात्र ठरलेलं, प्रत्येक पॅनल तीन फूट बाय सहा फूट, आठ पॅनल जोडली की बारा बाय बाराचा एक चौकोन. कापड कुठलं, रंग कुठला, त्यावर काय लावलंय यावर फारसं बंधन नाही, लोकांनी गेलेल्या माणसाचे शर्ट, जीन्स, टेडी बेअरसुद्धा शिवून लावले. एवढ्या अनोळखी माणसांचं काम जोडलं गेलं ते त्या मापामुळे.

तरीही ब्लॉक लहान-मोठे आलेच तर

येणारच, हे धरूनच चाला. आधी सगळे ब्लॉक हलक्या इस्त्रीने सपाट करा आणि मापाप्रमाणे गठ्ठे लावा. फरक पाव इंचाच्या आत असेल तर जोडताना मुरवता येतो: दोन्ही टोकं आणि मधला बिंदू टाचणीने पक्का करा आणि मोठा ब्लॉक खालच्या बाजूला ठेवून शिवा, मशीनचे दाते खालचं कापड किंचित जास्त ओढून घेतात त्यामुळे फरक आपोआप जिरतो.

फरक त्याहून मोठा असेल तर मोठे ब्लॉक कापून लहान करायचा मोह टाळा. ब्लॉकमध्ये चांदणीची किंवा त्रिकोणाची टोकं कडेपर्यंत आलेली असतात, तीच छाटली जातात आणि जिने आठवडाभर बसून ती टोकं जुळवलीत तिला काय वाटेल! त्याऐवजी सगळ्याच ब्लॉकना भोवती एका रंगाची पट्टी लावा, लहान ब्लॉकला थोडी रुंद, मोठ्याला थोडी अरुंद, आणि मग सगळे एकाच मापाला कापा, समजा साडेतेरा किंवा साडेचौदा. छाटणी फक्त पट्टीची होते, ब्लॉकला धक्का लागत नाही, आणि निरनिराळ्या हातांचं काम एका रंगाने बांधलं जातं ते दिसायलाही फार छान दिसतं.

आणि कृपा करून नवशिक्या मुलीचा ब्लॉक "नीट झाला नाही" म्हणून परत पाठवू नका. ती परत कधी शिवणार नाही. तिला फोन करून माया कशी बघायची ते सांगा आणि ब्लॉक पट्टी लावून घ्या. शिवण उसवत असेल तर जोडणाऱ्या ताईने एक टाका मारून पक्की करावी, विषय संपला.

कापड आणि रंग

"कॉटन चालेल" एवढ्यावर सोडलं तर टू बाय टूचे ब्लाऊजपीस, पॉपलिन, जुनी साडी, टेरिकॉटचा शर्ट, हँडलूमचं जाड कापड, सगळं येतं. पातळ आणि जाड शेजारी शेजारी आलं की पातळ कापड शिवणीजवळ आधी फाटतं, आणि टेरिकॉट, पॉलिस्टर हे कॉटनसाठी लागणाऱ्या गरम इस्त्रीखाली आक्रसतं किंवा वितळतं. पॉपलिन किंवा कॅम्ब्रिकच्या जाडीचं शुद्ध कॉटन असं स्पष्ट लिहा. आजीची साडी घालायचीच असेल, आणि घालावीच, तर ती आधी उजेडासमोर धरून बघा, कुठे विरलीय का, आणि मागून पातळ मलमलचा तुकडा लावून दोन्ही मिळून कापा.

रंग जाणं हा त्याहून मोठा ताप. पंधरा ब्लॉक चांगले आणि एक लाल किंवा नीळ सोडणारा असला की पहिल्याच धुण्यात पांढरे तुकडे गुलाबी-निळे होतात. हातछपाईची कापडं, अजरख, दाबू, इंडिगो, ही सुंदर असतात पण आधी धुतल्याशिवाय वापरूच नका. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो पण आजच्या रंगवलेल्या कापडांवर त्याचा भरवसा धरू नका. तपासणी सोपी आहे: कापडाचा तुकडा ओला करा, पांढऱ्या रुमालावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पुन्हा धुवा, तरीही लागत असेल तर या गोधडीत नकोच.

आणि धुऊन वापरायचं की कोरं, ते सगळ्यांसाठी एकच ठरवा. कॉटन पहिल्या धुण्यात आटतं, त्यामुळे निम्मे ब्लॉक धुतलेल्या कापडाचे आणि निम्मे कोऱ्याचे असले की तयार गोधडी पहिल्यांदा धुतल्यावर जागोजागी चुणते. आपल्याकडच्या कापडांसाठी माझं मत सरळ आहे, सगळ्यांनी धुऊनच वापरा, हलकी कांजी करा म्हणजे कापताना परत कडकपणा येतो.

तयार गोधडीत रंग उतरलाच तर घाबरून उन्हात टाकू नका. वाळू द्यायची नाही आणि इस्त्री तर अजिबात नाही, वाळलं की डाग धरून बसतो. मोठ्या टबात भरपूर गरम पाणी, थोडा डिटर्जंट, गोधडी पूर्ण बुडलेली हवी, आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत बदलत राहा. वेळ लागतो पण बऱ्याचदा निघतो.

खुणा करायच्या पेनांबद्दल पटकन सांगते. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर धुण्याआधी इस्त्री फिरवली तर ती रेघ कायमची बसू शकते. आणि इस्त्रीच्या उष्णतेने गायब होणाऱ्या जेल पेनची रेघ कडाक्याच्या थंडीत परत उमटते, गोधडी कॅनडातल्या कुणा भाचीकडे जाणार असेल तर हे लक्षात ठेवा. साधा खडू किंवा साबणाची चिप्पी बरी.

जोडताना

कडेची पट्टी गोधडीच्या कडेवर ठेवून, पुरेल तशी लावत जाऊ नका, कड ताणली गेलेली असते आणि मग बॉर्डर लाटांसारखी हलते. गोधडी मधोमध मोजायची, वर आणि खाली एकदा मोजायची, तिन्हींची सरासरी काढून तेवढीच पट्टी कापायची आणि टाचण्यांनी बसवायची. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या तुकड्यांवर इस्त्री ओढू नका, उचलून दाबा.

आत काय घालायचं हेही आधी ठरवा. आपल्या पारंपरिक गोधडीत बहुतेक वेळा कापूस नसतोच, जुन्या साड्या-धोतरांचे थर आणि त्यावर दाट धावदोरा, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. विकतचं वॅडिंग, म्हणजे आत भरायचा मऊ थर, घातलं तर त्याच्या पाकिटावर दोन शिवणींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचा, नाहीतर आतलं सरकून गोळे होतात. अस्तर वरच्या भागापेक्षा चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठं घ्या. आपला पन्हा बहुधा ४४ इंच, त्यामुळे मोठ्या गोधडीला अस्तराला जोड द्यावाच लागतो, तो खर्च आणि कापड हिशोबात आधीच धरा.

बऱ्याच जणी एकाच गावात असाल तर शेवटचे थर शिवायला एकत्र बसा. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो, पडू दे, फक्त एकीने एकाच कोपऱ्यात न बसता जागा बदलत बसायचं म्हणजे लांब टाके आणि बारीक टाके सगळीकडे मिसळतात. आणि एकत्र बसणं जमणारच असेल तर ब्लॉक सोडून कवंदी करून बघा. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका करतात ती गोधडी. कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत लावत, थरांसकट धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं, कोपऱ्यांना घडीचे छोटे त्रिकोण. ब्लॉकच्या मापाची कटकटच नाही. पोस्टाने मात्र हे जमत नाही.

पोस्ट, पैसे आणि उरलेलं

पावसाळ्यात पाठवताना ब्लॉक पूर्ण कोरडा करून झिपच्या पिशवीत घाला, दमट घडीला बुरशी धरते. डांबरगोळ्या घालू नका, तो वास बाळाच्या गोधडीतून महिनोन् महिने जात नाही. स्टेपल नको, गंजतो. ब्लॉकची चौघडी न करता पुठ्ठ्यावर सपाट ठेवा आणि आत चिठ्ठी: नाव, गाव, कापड धुतलंय का.

तारखा दोन ठेवा, एक पाठवायची आणि एक पोचायची, आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर नका ठेवू. कुणीतरी गळतंच, आजारपण येतं, मुलांच्या परीक्षा असतात, म्हणून तीन-चार ब्लॉक जास्तीचे शिवायची जबाबदारी आधीच दोघींनी घ्यावी. जी गळली तिला ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारू नका, फोन करा.

वॅडिंग, अस्तर, कुरिअर यांचा खर्च जोडणाऱ्या ताईच्या अंगावर पडतो आणि ती बोलत नाही, हे मला फार खटकतं. वर्गणी सुरुवातीलाच गोळा करा आणि बिलांचे फोटो ग्रुपवर टाका. तिची मेहनत तर आपण मोजतच नाही, निदान पैसे तरी तिचे जाऊ नयेत.

विकतचं पॅटर्न एकीने घेऊन सगळ्यांना फॉरवर्ड करणं बंद करा, ते डिझाईन करणारीचं पोट त्यावर असतं. नाइन पॅच, लॉग केबिन, ओहायो स्टार असे पिढ्यान् पिढ्या चालत आलेले ब्लॉक कुणाच्या मालकीचे नाहीत, ते घ्या, किंवा प्रत्येकीने आपापलं पॅटर्न विकत घ्या.

गोधडी शेवटी कोणाकडे जाणार, विकायची असेल तर पैसे कुठे जाणार, प्रदर्शनात लावली तर नाव कुणाचं, हे पहिला ब्लॉक कापायच्या आधी लिहून ठेवा. मागच्या अस्तरावर मांजरपाटाचा तुकडा लावून त्यावर सगळ्यांची नावं आणि वर्ष पक्क्या शाईने किंवा भरतकामाने लिहा, जी फक्त टाचण्या लावायला आली होती तिचंही. आणि खाली धुण्याची सूचना: गार पाणी, सौम्य साबण, सावलीत आडवी वाळवणे.