जुन्या दफनभूमीची हद्द आणि वाट सुधारायचीय? भिंतीपासून सुरू करू नका

शहरातल्या जुन्या दफनभूमीचा विषय निघाला की पहिला उपाय ठरलेलाच असतो, भिंत उंच करा, वर काचा लावा आणि गेटला कुलूप घाला. मला हे अजिबात पटत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही अशा जागेतच कचरा येऊन पडतो, दगड फोडले जातात, आणि एकट्या बाईला आईच्या कबरीवर फुलं ठेवायला जायची पण भीती वाटते. चार माणसं रोज येत-जात असली की जागेवर आपोआप लक्ष राहतं, म्हणून हद्द पक्की हवीच पण रस्त्यावरून नजर आत पोचली पाहिजे.

पहिलं काम म्हणजे जुना नकाशा हातात घेऊन हद्दीने पूर्ण चक्कर मारायची, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी. हद्दीचे दगड कुठे आहेत, भिंत कुठे फुगलीये, कुठे बाहेरच्यांनी शेड आत सरकवलीये, सगळ्याचे फोटो काढा आणि नकाशावर खुणा करा. भिंतीला खिंडार असेल तर ते लगेच बुजवायचं नाही. तिथली माती बघा, पायांनी घट्ट आणि गुळगुळीत झालेली असेल तर लोक रोज तिथूनच जातायत, कारण खरं गेट लांब पडतं. मग तिथे एक छोटं गेट द्या ना, बुजवलं तर लोक महिन्याभरात परत पाडतील.

मोजणी झाल्याशिवाय खोदायला हात लावू नका, आणि हद्दीजवळ तर नाहीच, कारण जुन्या ठिकाणी भिंतीला अगदी चिकटून, कधी भिंतीच्या बाहेरही, दगड नसलेल्या कबरी असतात. जीपीआर रडारने, म्हणजे न खोदता जमिनीखालचं दाखवणाऱ्या यंत्राने, हललेली माती साधारण कळते पण चिकणमातीत ते नीट चालत नाही, त्यामुळे शंका असेल तिथे हातानेच आणि हळू खणायचं. सलग पाया घेण्यापेक्षा अंतरा-अंतरावर खांब आणि वरून बीम हे बरं पडतं, कबर लागली तर खांब थोडा सरकवता येतो.

जुनी दगडी भिंत शाबूत असेल तर पाडू नका. ती चुन्यात बांधलेली असेल तर दरजाही, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरा, सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि काही वर्षांत दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, वर्षानुवर्षं दफन होऊन आतली जमीन रस्त्यापेक्षा वर आलेली असते, म्हणजे भिंत नुसती आडोसा नसते, मातीचा लोड घेत असते, म्हणून खालच्या बाजूला पाणी निघायला भोकं ठेवायचीच, नाहीतर एखाद्या पावसाळ्यात ती बसलीच म्हणून समजा. नवीन करायची असेल तर गुडघ्याच्या थोडी वर भिंत आणि त्यावर उभ्या सळ्यांची रेलिंग, एकूण माणसाच्या उंचीएवढी, पुरे होतं.

आता गेट. शववाहिनीचं मोठं गेट वेगळं आणि माणसांचं वेगळं, आणि माणसांचं किमान ९० सेंटिमीटर मोकळं पाहिजे. मोटारसायकली अडवायला लोक फिरतं गेट नाहीतर आडवे पाइप लावतात, तिथे मोटारसायकलवाला बरोबर वाट काढतो आणि व्हीलचेअर अडकते. एका आजींना मी गेटच्या लोखंडी उंबऱ्यापाशी थांबलेलं बघितलंय, उंबरा जेमतेम चार बोटं उंच, पण खुर्चीची पुढची छोटी चाकं चढेनात आणि नवऱ्याची कबर समोर दिसत असून त्या बाहेरच बसून राहिल्या. मला ते आजही आठवतं. रॅम्प १:१२ चा करा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढाला १.८ मीटर लांबी. मुख्य वाट दीड मीटर तरी रुंद ठेवा आणि सुटी खडी टाकू नका, चाकं रुततात, त्यापेक्षा नीट दाबलेला मुरूम चालेल. मध्ये मध्ये टेकायला बाक हवेत, सावलीत.

लोकांना आत येऊ दिलं तर पावित्र्य जाईल असं काही जण म्हणतात. पॅरिसची पेर लाशेज दफनभूमी १८०४ पासून आणि अमेरिकेत बोस्टनजवळची माउंट ऑबर्न १८३१ पासून आहे, दोन्हीकडे लोक झाडांतून फिरायला जातात आणि दफनविधीही होतात. फक्त हे सगळं ज्यांची माणसं तिथे आहेत त्यांना आधी विचारून करायचं. वेळा त्यांनी ठरवाव्यात, दफनविधी चालू असताना कुठली बाजू बंद ठेवायची तेही त्यांनीच सांगावं. मग गेटवर नकाशा, विभागांचे नंबर, उघडायच्या वेळा आणि एक फोन नंबर असा साधा बोर्ड लावा, आणि गेटची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका, तो आजारी पडला की बाहेर मयत घेऊन लोक ताटकळतात.