हाताखाली कुणी नसताना टीम कशी चालवायची: कॉलेजमधल्या मुलामुलींसाठी

लीडरशिप ट्रेनिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एक हॉल येतो, प्रोजेक्टर, बाहेरून आलेले पाहुणे, दोन तासांचं भाषण आणि शेवटी सर्टिफिकेट. मी स्वतः अशी बरीच सर्टिफिकेटं जमवलीयेत आणि नंतर काही वर्षं कॉलेजमधल्या मुलांच्या टीम्सबरोबर कामही केलंय, आणि मला मनापासून वाटतं की कॉलेजमधलं नेतृत्व ही एक वेगळीच आणि फार अवघड गोष्ट आहे जी त्या हॉलमध्ये कुणी सांगत नाही. अवघड कशी? तर नोकरीत साहेबाच्या हातात पगार असतो, सुट्टी असते, प्रमोशन असतं. तुमच्या हातात काय असतं? काहीच नाही. समोरचा तुमच्याच वयाचा, कदाचित तुमचा जिगरी दोस्त, त्याला या कामाचे मार्क मिळणार नाहीत, पैसे मिळणार नाहीत, आणि "सॉरी यार, नाही जमलं" म्हणून तो कधीही निघून जाऊ शकतो. अशा माणसाकडून काम करून घेता आलं तर पुढे कुठेही येईल. म्हणून खाली जे लिहितेय ते सगळं याच एका प्रश्नाभोवती आहे, की सत्ता नसताना लोकांनी तुमच्याबरोबर काम का करावं.

आधी एक छोटं काम पकडा. फेस्टची मुख्य जबाबदारी वगैरे लगेच घेऊ नका, ५-६ जण, ४-५ आठवडे आणि एक ठरलेली तारीख, एवढंच पुरे. उदाहरण म्हणून आपण पुस्तकांची अदलाबदल घेऊ, म्हणजे सिनियर्सकडची जुनी पुस्तकं ज्युनियर्सना मिळावीत असा एक दिवसाचा कार्यक्रम. दिसायला सोपं आहे पण त्यात परवानगी आहे, जागा आहे, पुस्तकं गोळा करणं आहे, लोकांपर्यंत पोचणं आहे, आणि संध्याकाळी उरलेल्या पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न आहे जो हमखास सगळे विसरतात.

पहिल्या मीटिंगच्या आधी एक वाक्य लिहून काढा, काम झालं म्हणजे नक्की काय झालं. "पुस्तकांसाठी काहीतरी चांगलं करूया" हे वाक्य नाही चालणार. "अमुक तारखेला लायब्ररीबाहेर ४ तास टेबलं मांडायची आणि किमान १०० पुस्तकं एका हातातून दुसऱ्या हातात गेली पाहिजेत" हे चालेल, कारण त्या दिवशी संध्याकाळी कुणीही मोजून सांगू शकतो झालं की नाही. हे वाक्य टीमसमोर ठेवा आणि त्यांना बदलू द्या. कुणी म्हणेल १०० जास्त होतात, कुणी म्हणेल लायब्ररीपेक्षा कँटीनबाहेर गर्दी असते. बदललं की ते वाक्य त्यांचंही होतं, आणि सत्ता नसलेल्या माणसाला हे फार लागतं.

कर्ता नसलेली वाक्यं

आता सगळ्यात महत्त्वाचं, कामं वाटणं. तुमच्या पुढच्या मीटिंगमध्ये नीट कान देऊन ऐका. "पोस्टरचं बघायला पाहिजे." "परवानगीचं लवकर करून टाकू." "सेकंड इयरवाल्यांना सांगायला हवं." आपल्या मराठीत अशी वाक्यं फार सहज बनतात ज्यांत करणारं कोण हे येतच नाही किंवा नुसतं 'आपण' असतं, सगळे माना डोलावतात, मीटिंग छान झाली असं वाटतं आणि पुढच्या आठवड्यात पोस्टर नसतं. यात कुणी खोटं बोललेलं नसतं बरं का. प्रत्येकाला खरंच वाटलेलं असतं की दुसरा कुणीतरी करतोय.

यावर खूप जुनं संशोधन आहे. मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता, ते १९१३ मध्ये छापून आलं. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला, ८ जण एकत्र ओढत असताना दर माणशी जोर एकट्याने ओढण्याच्या जवळपास निम्म्यावर आला. थोडा भाग एकमेकांचा ताळमेळ न जमण्याचा असणार, पण १९७९ मध्ये बिब लाटाने या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवण्या-ओरडण्याचे प्रयोग केले तेव्हा दिसलं की आपण ग्रुपमध्ये आहोत एवढं नुसतं वाटलं तरी माणूस कमी जोर लावतो. आणि त्याच लोकांनी पुढे १९८१ मध्ये दाखवलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार असं सांगितलं की हा आळस गायब होतो. मला ही गोष्ट खूप आवडते, कारण याचा अर्थ माणसं कामचुकार नसतात, त्यांचा वाटा दिसत नाहीये एवढंच असतं.

म्हणून नियम एकच, प्रत्येक कामाच्या शेवटी एक नाव आणि एक वार. एकच नाव, दोन नाही. "पोस्टर, गुरुवार संध्याकाळ, स्नेहा." मदतीला कुणीही असू दे पण विचारायचं स्नेहाला. आणि मीटिंग संपायच्या आधी प्रत्येकाने आपलं काम स्वतःच्या तोंडाने एकदा बोलून दाखवायचं. हे तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांना बोलू द्या, कारण तिथेच कळतं की एकाला वाटलं होतं पोस्टर म्हणजे छापलेलं आणि दुसरीला वाटलं होतं फोनवर पाठवायचं.

काम दिलं की पूर्ण द्या. हे मला शिकायला वेळ लागला. दुसऱ्या वर्षाला मी एका कार्यक्रमाची कोऑर्डिनेटर होते, सगळ्यांना कामं वाटली होती पण खरं तर मी फक्त हमाली वाटली होती, ठरवायचं सगळं माझ्याकडेच होतं, कुणी काही बनवून आणलं की मी रात्री बसून ते पुन्हा करायचे कारण माझ्या मनासारखं नसायचं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मला ताप भरला आणि तेव्हा लक्षात आलं की हॉलची परवानगी कुठे आहे, पाहुण्यांशी काय बोलणं झालंय, यादी कुठे सेव्ह केलीये, हे माझ्याशिवाय एकालाही माहीत नाही. एका मैत्रिणीने मला तेव्हा शांतपणे सांगितलं, तू आमच्यावर कधी काही सोडलंच नाहीस. ते खरं होतं. तेव्हापासून मी हे पाळते: पोस्टर तुझं असेल तर रंग तुझा, मजकूर तुझा, मी फक्त तारीख आणि वेळ बरोबर आहे ना एवढंच तपासणार. माझ्या मनातलं पोस्टर कदाचित जास्त चांगलं झालं असतं, पण जिचं काम तुम्ही पुसून पुन्हा केलंत ती पुढच्या वेळी जीव ओतून करणार नाही.

तारखांबद्दल एक गोष्ट. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध कधी पूर्ण होईल ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज होता साधारण ३४ दिवस, प्रत्यक्षात लागले साधारण ५५. म्हणजे दीडपटीहून जास्त, आणि ही हुशार मुलं होती, स्वतःच्याच कामाबद्दल बोलत होती. तेव्हा कुणी "चार दिवसांत देतो" म्हटलं की तुमच्या कागदावर सहा दिवस धरा, आणि मधल्या एका दिवशी सहज विचारा कुठवर आलंय, अडलंय का काही. अडलंय का हे विचारणं आणि झालं का हे विचारणं यात खूप फरक आहे, पहिल्यात मदत आहे आणि दुसऱ्यात हजेरी.

सुरू करण्याआधी अजून एक वीस मिनिटांचा उपाय, गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये यावर लिहिलं होतं. सगळ्यांना सांगा, समजा कार्यक्रम होऊन गेलाय आणि पार फसलाय, का फसला ते प्रत्येकाने कागदावर लिहा. एरवी शंका काढणारा माणूस नकारात्मक ठरतो, इथे शंका काढणं हेच काम असतं, त्यामुळे गप्प बसणारी मुलं पण लिहितात. आमच्या पुस्तकांच्या उदाहरणात कुणीतरी लिहीलच, पाऊस आला तर.

मित्र काम करत नसेल तर

इथे बहुतेक जण अडकतात, आणि मला यावर जरा थांबायचंय. मित्राने शब्द दिला होता, दोनदा तारीख गेली, आता काय? बहुतेक वेळा तीनपैकी एक होतं. एक, आपण गप्प बसतो आणि त्याचं काम स्वतः करतो आणि आतून धुमसतो. दोन, ग्रुपवर मेसेज टाकतो, "काही लोकांना जबाबदारीची जाणीव नाही", नाव न घेता, जे सगळ्यांना कळतं. तीन, एक दिवस सगळं साचलेलं बाहेर येतं आणि मैत्रीच तुटते. तिन्हीत त्याचं नेमकं काय चुकलं असं तुमचं म्हणणं आहे, ते तो मित्र ऐकतच नाही.

एकट्याला भेटा, फोनवर नको, मेसेजवर तर अजिबात नको. चालता चालता बोला, समोरासमोर टेबलावर बसलं की चौकशी बसल्यासारखं होतं. आधी जे घडलं तेवढंच सांगा, माणसाबद्दल नको. "तू फार बेफिकीर आहेस" यावर तो भांडणारच, पण "यादी सोमवारी यायची होती, आज शुक्रवार, त्यामुळे प्रियाला पुस्तकं कुठून आणायची ते कळत नाहीये" यावर भांडायला काही नाही. मग विचारा, काय झालंय? आणि नंतर गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण आहे, पाच-सात सेकंद सुद्धा खूप वाटतात आणि आपणच "नाही म्हणजे ठीक आहे, होतं असं" म्हणून त्याची सुटका करून टाकतो. नका करू. मी असं थांबले तेव्हा मला कळलेल्या गोष्टी अशा, घरी आजारपण आहे, काम कसं करायचं तेच कळलं नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती, आणि एकदा, "खरं सांगू का मला हे करायचंच नव्हतं, तू विचारलंस म्हणून हो म्हणालो." तिन्हींवर उत्तर वेगळं आहे. पहिल्याला मोकळं करा, दुसऱ्याबरोबर अर्धा तास बसा, तिसऱ्याला सन्मानाने जाऊ द्या आणि मैत्री जपा. शेवटी नवीन तारीख त्यालाच ठरवू द्या.

टीममध्ये भांडणं झाली तर घाबरू नका हेही सांगते. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटांचे टप्पे मांडले त्यात ओळखीनंतरचा दुसरा टप्पाच मतभेदांचा आहे, घडी बसणं आणि नीट काम होणं त्याच्या पुढे येतं. दुसऱ्या आठवड्यात चिडचिड सुरू झाली म्हणजे तुम्ही वाईट लीडर आहात असं नाही.

स्टेजवर बोलण्याबद्दल थोडक्यात, कारण लोक यालाच नेतृत्व समजतात आणि मला ते तितकं मोठं वाटत नाही. भीती जायला रोज आरशासमोर उभं राहण्यापेक्षा चार जण जमवा, चिठ्ठीवर विषय, दोन मिनिटं बोलायचं आणि एकाने फक्त "अं" आणि "म्हणजे" मोजायचे. टोस्टमास्टर्स ही संस्था १९२४ पासून साधारण असंच करतेय, तयारी नसलेलं छोटं बोलणं आणि लगेच कुणाचा तरी अभिप्राय. आठवड्यातून एकदा, एक सेमिस्टर, फरक तुम्हालाच ऐकू येईल.

स्वतःत काय सुधारायचं हे शोधायला मात्र ऑनलाइन टेस्टपेक्षा माणसं जास्त उपयोगी. जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगम यांनी १९५५ मध्ये चार खिडक्यांचं एक साधं चित्र मांडलं, त्यातली एक खिडकी अशी की जे लोकांना आपल्याबद्दल दिसतं आणि आपल्यालाच दिसत नाही. ती उघडायची तर विचारावंच लागतं. टीममधल्या तिघांना वेगवेगळं गाठून विचारा, "माझ्याबरोबर काम करताना कुठल्या गोष्टीचा त्रास होतो?" "काही नाही गं, छान करतेस" असं उत्तर येईल, तेव्हा पुन्हा विचारा, "एकच सांग." आणि जे येईल त्यावर बाजू मांडायची नाही, फक्त लिहून घ्यायचं आणि थँक्यू म्हणायचं. एकदा जरी तुम्ही स्पष्टीकरण दिलंत तरी ती व्यक्ती परत कधी खरं सांगणार नाही.

कार्यक्रम झाला की दमलेले असतात सगळे, फोटो काढून पांगतात. तीन दिवसांच्या आत अर्धा तास तरी बसाच. अमेरिकन सैन्यात प्रत्येक सरावानंतर करतात तो आढावा इथे छान बसतो: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्ष काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. पहिल्यांदा तुम्ही बोला आणि स्वतःची एक चूक सांगा, म्हणजे बाकीच्यांना सांगायला मोकळं वाटेल. श्रेय देताना मात्र नाव घेऊन आणि नेमकं द्या. "सगळ्यांनी छान काम केलं" हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, "पाऊस आला तेव्हा रोहितने कुणी न सांगता पुस्तकं आत हलवली" हे तो घरी जाऊन सांगेल.

आणि त्याच बैठकीत पुढच्या वर्षीसाठी दोन पानं लिहून ठेवा. परवानगी कुणाकडून आणि किती दिवस आधी लागते, टेबलं कुठून मिळाली, किती पुस्तकं आली, किती गेली, उरलेली कुठे ठेवलीयेत, कुठली गोष्ट शेवटच्या क्षणी अडली. ती पानं तुमच्या फोनमध्ये नको, जी ज्युनियर पुढे हे बघणार आहे तिला शेजारी बसवून, तिच्याच हाताने लिहून घ्या.