बॉयलरखाली पाणी ठिबकतंय? आधी जागा शोधा

पान्याला हात लावण्याआधी बॉयलर (घर गरम ठेवणाऱ्या यंत्रणेचा) बंद करा, विजेचा मुख्य स्विचही बंद करा आणि पाईप पूर्ण गार होऊ द्या. मग सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येकाभोवती टिश्यू पेपर गुंडाळा. पाणी पाईपवरून ओघळत भलतीकडेच ठिबकतं, त्यामुळे ओला दिसणारा जोड कित्येकदा निर्दोष असतो. सगळ्यात आधी जिथला कागद भिजेल, तिथेच गळती.

नटाच्या जोडातून येत असेल तर एका पान्याने जोड धरा आणि दुसऱ्याने नट जेमतेम पाव फेरा आवळा. इथे ताकद दाखवायची नाही. जास्त आवळला की वॉशर चेपतो आणि गळती वाढते. थांबलं नाही तर वॉशर बदला, पण आधी त्या भागातलं प्रेशर आणि पाणी काढून घ्या.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या (प्रेशर जास्त झालं की पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) पाईपमधून ठिबकत असेल तर जोडांशी झटापट नको. प्रेशर दाखवणारं गेज बघा. गार असताना प्रेशर साधारण १ ते १.५ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) असावं. तापल्यावर काटा ३ बारजवळ जात असेल, तर बहुधा एक्स्पान्शन टँकमधली, म्हणजे तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीतली, हवा गेली आहे. ते काम आणि बॉयलरचं सीलबंद कव्हर, दोन्ही परवानाधारक तंत्रज्ञाकडेच द्या.