बीएमआर आणि रोजच्या कॅलरी: सूत्रातला आकडा घरच्या काट्यावर कसा तपासायचा

दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालूच असतात. त्यांना लागणारी ऊर्जा म्हणजे बीएमआर, मराठीत मूलभूत चयापचय दर. बैठं काम करणाऱ्यांच्या रोजच्या खर्चात निम्म्याहून मोठा वाटा याचाच. प्रयोगशाळेत तो १२ तास उपाशी ठेवून, जागं पण आडवं झोपवून, श्वासावरून मोजतात. घरी सूत्रावर भागतं. सध्या जास्त चालतं ते १९९० चं मिफ्लिन-सेंट जिओर:

(१० × वजन किलोत) + (६.२५ × उंची सेंमीत) − (५ × वय). यात पुरुषांनी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारी बाई घ्या: वय ४२, वजन ६८, उंची १५७. ६८० + ९८१ − २१० − १६१ = १२९० कॅलरी. बैठ्या दिवसाला याला १.२ ने गुणतात, हलक्या हालचालीला १.३७५ ने. म्हणजे १५५० ते १७७५.

इथे बहुतेकजण स्वतःवर मेहेरबान होतात. लोकलमध्ये तासभर उभं राहून जीव नकोसा होतो, पण उभं राहण्याला बसण्यापेक्षा थोड्याच कॅलरी जास्त लागतात. घामाचंही तेच: घरी पोचल्यावर अर्धा किलो कमी दिसलं तर ते पाणी आहे, चरबी नाही. रोज पाऊण तास तरी भराभर चालणं होत नसेल तर १.२ च्या जवळच राहा. शिवाय हे सूत्र अमेरिकी लोकांवर बेतलेलं आहे, भारतीयांचा खरा दर त्याहून काहीसा कमी निघतो. आणि स्मार्टवॉचने दाखवलेल्या ‘जाळलेल्या’ कॅलरी वरून मिळवू नका, हालचाल गुणकात एकदा धरलेली असते.

म्हणजे हाती आलाय तो अंदाज. तो पक्का करायला लागते वही, डिजिटल वजनकाटा आणि चार आठवडे.

खाणं मोजताना सगळ्यात जास्त चुकतं ते तेल. एक मोठा चमचा, १५ मिली, म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि फोडणी तर आपण बाटलीतूनच ओततो. ताटात तेल दिसत नाही, म्हणून उलटा हिशोब करा. चौघांच्या घरात ५ लिटरचा कॅन ३० दिवसांत संपत असेल, तर ५००० मिली म्हणजे साधारण ४५५० ग्रॅम, गुणिले ९ (एका ग्रॅम तेलाच्या कॅलरी), भागिले १२० (चार माणसं × ३० दिवस). माणशी रोज ३४० कॅलरी, जवळपास तीन पोळ्यांएवढ्या. कॅन उघडल्याची तारीख मार्करने त्याच्यावरच लिहून ठेवा.

पोळीसाठी कोरडी कणीक तोला. ३०० ग्रॅममध्ये ९ पोळ्या झाल्या तर एकीला ११० च्या आसपास, घडीतलं तेल वेगळं. भाताला मोठा घोळ होतो: १०० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या साधारण ३५०, पण शिजून तो तिपटीच्या जवळ जातो. शिजलेला भात तोलून कच्च्याचा आकडा लावला की हिशोब जवळजवळ तिप्पट. उपवासही वहीत लिहायचा. १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट आणि मोठा चमचा तूप, झाल्या ६०० कॅलरी.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी. एका दिवसाच्या आकड्याला किंमत देऊ नका, आठवड्याची सरासरी काढा. रात्री पापड-लोणचं किंवा पाणीपुरी झाली की दुसऱ्या दिवशी काटा वर जातो. पाळीच्या आधीही जातो, म्हणून बायकांनी मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशीही ताडून पाहावं. पहिल्या आठवड्यातली मोठी घट बरीचशी पाण्याची असते, ती सोडून द्या.

समजा या बाईंच्या वहीत रोज सरासरी १४०० आले. दुसऱ्या आठवड्याची सरासरी ६७.४ किलो, चौथ्याची ६६.९. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७००, तेव्हा अर्ध्या किलोचे ३८५०, भागिले १४ दिवस, म्हणजे रोजची तूट २७५. खरा खर्च १६७५. वहीत रोज ठरावीक काही लिहायचं राहत असलं तरी बिघडत नाही, कारण हा आकडा तुमच्याच वहीच्या मापात आहे. मात्र रविवार वगळून सहाच दिवस लिहिलंत तर सगळं फुकट.

वजन उतरवायचं तर या खर्चापेक्षा रोज ३०० ते ४०० कॅलरी कमी खा. एकदम ८०० तोडले की स्नायूही झिजतात, आणि स्नायू गेले की बीएमआरही उतरतो. दर किलो वजनामागे निदान १ ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पण वाटीभर पातळ वरणात फार नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं यांपैकी काही असेल तर कपात आणि प्रथिनं दोन्ही डॉक्टरांना विचारून.

चार-पाच किलो उतरले की पुन्हा मोजा. सूत्राने ५ किलोमागे बीएमआर ५० ने घटतो, शिवाय तेच चालणं हलक्या शरीराला स्वस्तात पडतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी वजन उतरवणारं तेच ताट आता वजन जागेवर ठेवतं.