टू एफ घ्यायची की थ्री एफ: फ्लिंटलॉक सीझनच्या आधीची तयारी

पेनसिल्व्हेनियात २६ डिसेंबरला फ्लिंटलॉकवाल्यांचा, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या आणि तोंडातून भरायच्या बंदुका वापरणाऱ्यांचा, हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो आणि दरवर्षी कोणीतरी ऐनवेळी विचारतं की बंदुकीची काळी दारू कुठली घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी नळीवर काय कोरलंय ते बघा, .४५, .५० की .५४ (नळीच्या भोकाचा व्यास, इंचात), कारण दाणा त्यावरून ठरतो. डब्यावर जितके एफ जास्त (टू एफ म्हणजे FF) तितका दाणा बारीक, आणि बारीक दाणा भराभर जळतो म्हणजे नळीत प्रेशरही जास्त. एक एफ तोफांना आणि जाडजूड मस्केटना, ती सोडा. .५० आणि त्यावरच्या रायफलला टू एफ, .४५ आणि त्याखाली थ्री एफ, हा जुना हिशोब. फोर एफ फक्त रंजकासाठी (बाहेरच्या तव्यात ठिणगीने आधी पेटणारी थोडीशी दारू), ती नळीत ओतायची नाही म्हणजे नाही.

खरा वाद .५० वरच होतो. बरेच जण त्यात थ्री एफच भरतात, काजळी कमी धरते म्हणून, शिवाय तीच दारू रंजकालाही चालते म्हणजे थंडीत खिशात एक बाटली कमी. मान्य, पण मग चार्ज (एका बारासाठी भरायची दारू) १० ते १५ टक्के उतरवायचा, टू एफची ७० ग्रेन (दारू मोजायचं एकक) जात असेल तर थ्री एफ ६० च्या आसपास, आणि मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या वर दोन्हीत नाही. माझं विचाराल तर पहिल्या वर्षी .५० ला टू एफच घ्या, चुकायला जरा जास्त वाव असतो. आणि ब्रँड बदलला की पुन्हा खालून सुरुवात करा, स्विसची टू एफ आणि गोएक्सची टू एफ डब्यावर सारखी दिसली तरी स्विस जोरात जाते.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन वगैरे पर्यायी दारू फ्लिंटलॉकला नकोच, पेटायला जास्त उष्णता लागते, रंजक उडतं आणि बंदूक गप्प. आधुनिक बिनधुराची पावडर तर चिमूटभरही नाही, नळी फुटते.

पितळेचं माप घ्या, इथे ग्रेन मापाने भरतात, काट्यावर नाही. दारूच्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधी ओतू नका, आत एखादी ठिणगी धुमसत असली तर आख्खं शिंग हातात उडेल. .५० ला .४९० ची गोळी आणि .०१५ चा पॅच (गोळीभोवती गुंडाळायचं कापड), हे बहुतेकांना जमतं. भरल्यावर गोळी दारूवर घट्ट बसली की गजावर (गोळी आत ढकलायच्या काठीवर) खूण करून ठेवा, पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी अर्ध्यातच अडकलीय आणि मध्ये जागा राहिलीय, तशी झाडायची नाही. रंजक तव्यात अर्ध्याच्या आत आणि कानाच्या (तव्यातून नळीत जाणाऱ्या बारीक भोकाच्या) खालीच ठेवा, कान बुजला तर वात जळत गेल्यासारखा उशीर होतो आणि तोवर नेम हललेला असतो. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी समोरच धरून मिनिटभर थांबा.

रेंजवरून आलात की त्याच दिवशी साबणाच्या गरम पाण्याने नळी धुवा आणि तेल लावा, काजळी हवेतली ओल ओढते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गंज धरायला लागतो. दारू मूळ डब्यातच, हीटरपासून लांब. आणि सुट्टीत विमानाने जाणार असाल तर ती बॅगेत अजिबात नको, चेक-इनमध्येही चालत नाही, तिकडे पोचल्यावरच विकत घ्या.